चर्चच्या आवारातल्या कबरींचं उत्खनन: फॅकल्टीपासून पुनर्दफनापर्यंत

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चच्या आवारात कबरी खणल्या जातात त्या बहुतेक वेळा संशोधनासाठी नव्हे, संडासासाठी. आठशे-नऊशे वर्षांच्या चर्चला आज स्वच्छतागृह हवं असतं, रविवारच्या चहासाठी छोटं स्वयंपाकघर हवं असतं, फरशीखालून हीटिंगचे पाइप न्यायचे असतात. नळ आणि सांडपाण्यासाठी चर खणायला घेतला की हाताभर खोलीवरच हाडं लागतात. पॅरिश, म्हणजे वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतात, त्या एवढ्याशा गावाने शेकडो वर्षं आपली माणसं त्याच एक-दीड एकरात पुरलेली असतात.

पुरातत्त्व शिकणारी आपल्याकडची बरीच मुलं आता ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणाला जातात आणि अशा कामांवर राबतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन गावच्या दफनांबद्दल वाचून ती गेलेली असतात: घराच्या जमिनीखाली पुरलेले प्रौढ, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांतली बाळं, सोबत भांडी. चर्चच्या आवारात यातलं काही नसतं. भांडी नाहीत, दागिने जवळपास नाहीत, आणि माती इतक्या वेळा उकरलेली की थर ओळखूच येत नाहीत. हाड बाहेर काढणं इथे सोपं आहे. ते कुठल्या खड्ड्यातलं आणि तो खड्डा शेजारच्या कुठल्या खड्ड्याला कापून गेला, हे ठरवण्यात खरा घाम निघतो. पुढे जे सांगतो आहे ते याच प्रश्नाभोवती फिरतं.

खणायचंच का, हे आधी ठरवा

पहिलं पाऊल न खणण्याचं. कबरीला हात न लावता काम होत असेल तर ते तसंच करायचं, ही तिथली मान्य भूमिका आहे आणि मला ती शंभर टक्के पटते. सांडपाण्याची नवी नळी व्हिक्टोरियन काळातल्या जुन्या गटाराच्या चरातूनच नेता येते का? तिथल्या कबरी एकदा विस्कटून झालेल्याच असतात. खोल पायाऐवजी उथळ काँक्रीटचा तक्ता चालेल का? स्वच्छतागृह बुरुजाच्या तळमजल्यातच बसवता येईल का? वास्तुविशारदासोबत टेबलावर घालवलेली एक दुपार शंभर सांगाडे जागच्या जागी ठेवू शकते.

परवानग्या

चर्च ऑफ इंग्लंडच्या पवित्र केलेल्या जमिनीवर धर्मप्रांताचं, म्हणजे एका बिशपच्या हद्दीचं, स्वतःचं न्यायालय चालतं, त्याला कन्सिस्टरी कोर्ट म्हणतात. तिथला न्यायाधीश म्हणजे चॅन्सेलर, आणि त्याची लेखी परवानगी म्हणजे फॅकल्टी. अर्ज पॅरिश करते, धर्मप्रांताची सल्लागार समिती त्यावर मत देते. अर्जासोबत उत्खननाचा लेखी आराखडा जोडायचा असतो: किती क्षेत्र, किती खोल, कोण खणणार, हाडं कुठे तपासणार, परत कधी आणि कुठे पुरणार. हा शेवटचा मुद्दा मोघम ठेवू नका. चॅन्सेलर नेमका तोच विचारतो. पवित्र न केलेल्या जमिनीसाठी १८५७च्या बरिअल ॲक्टखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. चर्चचे अवशेष संरक्षित स्मारक असतील तर त्याची संमती निराळी.

हे कागद फिरत असतानाच गावकऱ्यांशी बोलून घ्या. अलीकडच्या कबरींचे नातेवाईक हयात असतात. त्यांना बातमी पत्र्याच्या कुंपणावरून कळता कामा नये.

खणण्याआधीचं खणणं

१५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं भाग पडलं. बऱ्याच पॅरिशच्या पहिल्या वह्या हरवल्या, तरी १५९८पासून नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली, त्यामुळे तिथेही शोधायचं. साथीचं वर्ष त्यात लगेच दिसतं: एरवी वर्षाला आठ-दहा दफनं, आणि अचानक एका उन्हाळ्यात साठ.

मग एक साधा हिशेब करा. गाव तीनशे माणसांचं, दर हजारी तीस मृत्यू धरले तर वर्षाला नऊ. नऊशे वर्षांत आठ हजारांच्या वर. वर दिसणारे दगड असतील शे-दीडशे, आणि तेही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे, कारण त्याआधी सामान्य माणसाच्या कबरीवर दगड नसे. म्हणजे जिथे दगड नाही तिथे कबर नाही असं समजणारा कंत्राटदार पहिल्याच दिवशी फसतो.

जागेचाही अंदाज बांधा. दक्षिणेची बाजू लोकांना प्रिय, उत्तरेची कमी. भिंतीच्या अगदी कडेला तान्ही बाळं निघू शकतात. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या राँड्स फर्नेल्स इथे दहाव्या ते बाराव्या शतकातल्या छोट्या चर्चभोवती ३६३ दफनं मिळाली, आणि बाळं भिंतीलगत गोळा झालेली होती, जिथे छपराचं पाणी खाली पडतं तिथे. पागोळ्यांच्या रेषेतून नळी न्यायची असेल तर बालअस्थी ओळखणारा माणूस पथकात हवाच.

वरची माती आणि कबरीची कड

वरची माती यंत्राने काढायला हरकत नाही, पण बकेटला दात नसलेलं पातं हवं आणि यंत्रासमोर पुरातत्त्वज्ञ उभा हवा. पहिलं सुटं हाड दिसलं की यंत्र थांबवायचं.

त्याखाली लागते ती दफनभूमीची माती: काळपट, भुसभुशीत, वरपासून खालपर्यंत एकसारखी. प्रत्येक नव्या कबरीने जुन्या दोन-तीन कबरी कापलेल्या, त्यातली हाडं परत वरून ढकललेली, हे शतकानुशतकं चाललेलं. यात कबरीची कड शोधायची कशी?

ट्रॉवेलने, म्हणजे छोट्या थापीने, पृष्ठभाग एकाच दिशेने, स्वच्छ तासून घ्या आणि फवारणीच्या बाटलीने हलकं पाणी मारा. भरावाची माती सैल असते, ती पाणी वेगळ्या वेगाने पिते आणि वाळतेही वेगळ्या वेगाने. दुपारी काहीच न दिसलेली कड संध्याकाळच्या तिरक्या उजेडात दिसते, म्हणून दिवस मावळायच्या आधी एक फेरी मारायचीच. डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं: ट्रॉवेल सैल मातीतून घट्ट मातीत शिरताना आवाज बदलतो. माती खडूची किंवा चिकणमातीची असेल आणि कबर मूळ जमिनीत उतरलेली असेल तर तळाशी कड लख्ख दिसते. तिथून वर कल्पनेनेच जावं लागतं. पुष्कळदा कड सापडतच नाही, आधी सांगाडा सापडतो आणि त्याच्या भोवती कबर मांडावी लागते. तसं झालं तर नोंदीत तसंच लिहा. अंदाजाने ठरवलेली कड नकाशावर ठसठशीत रेषेने काढणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक, कारण पुढचा सगळा क्रम त्या रेषेवर उभा राहतो.

भरावातली सुटी हाडं ढिगाने निघतात. ती नीट गोळा करा, वेगळी ठेवा, पण प्रत्येकाची मोजमापं घेत बसू नका. ती कुणाची हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना मानाने परत पुरणं एवढंच उरतं.

चर साधारण १.२ मीटरच्या खाली गेला की बाजूंना आधार द्या. दफनभूमीच्या मातीचा भरवसा नाही.

सांगाडा मोकळा करताना

प्रत्येक कबरीला चार वेगळे क्रमांक लागतात: खड्ड्याला एक, भरावाला एक, शवपेटीला एक, सांगाड्याला एक. वरवर हा उपद्व्याप वाटतो. पण एकाच खड्ड्यात एकावर एक तीन पेट्या निघाल्या की त्याची किंमत कळते.

ख्रिस्ती कबरीत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात, म्हणून पश्चिम टोकाकडून सुरुवात करा. कवटीचा माथा लागला की सांगाड्याची पातळी समजते. मग मांडीची हाडं, नडग्या, दंड. बरगड्या, हात आणि पावलं शेवटी, कारण बोटांची पेरं एकदा हलली की परत जागेवर बसत नाहीत. हत्यार म्हणून प्लास्टर करणाऱ्यांचं पातळ पातं, लाकडी कोरणी आणि चमचा. ओल्या हाडावर ब्रश फिरवू नका, चिखल पसरतो आणि हाडाचा पापुद्राही निघतो. उन्हाळ्यात हाड उघडं पडलं की तडकतं, त्यामुळे झालेला भाग ओलसर झाकून ठेवा.

पेटीचं लाकूड सहसा उरत नाही. उरते ती मातीत काळी, बोटभर रेघ, आणि खिळे. खिळे उपटू नका. प्रत्येक खिळ्याची जागा आणि उंची घेतली की रिकाम्या मातीतून पेटीचा आकार उभा राहतो. हाडंही पेटीबद्दल बोलतात. पेटी असेल तर कुजताना आत पोकळी राहते, जबडा निसटतो, गुडघ्याच्या वाट्या बाजूला घरंगळतात, कटीर, म्हणजे कमरेचं हाड, उघडं पडतं. नुसतं कफन असेल तर खांदे वर उचललेले, गुडघे आणि घोटे एकमेकांना चिकटलेले.

कवटीजवळ किंवा बोटांवर हिरवा डाग दिसला तर थांबा. ती तांब्याची टाचणी. कफन टाचायला अशा टाचण्या वापरत, आणि तांब्याच्या गंजाने तिच्यालगतचे दोन-चार धागे किंवा केस टिकून राहतात. १६६६ आणि १६७८च्या कायद्यांनी मृताला लोकरीच्याच कापडात पुरायची सक्ती केली होती, देशातला लोकरीचा धंदा जगावा म्हणून. तो कायदा १८१४मध्ये रद्द झाला. टाचणीला चिकटलेला धागा लोकरीचा की तागाचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की त्या घरातल्यांनी कायदा पाळला की नाही तेही कळतं.

कटीराच्या आत आणि खाली हात हलका ठेवा. बाई असेल तर आत गर्भाची हाडं असू शकतात. गर्भाच्या बरगड्या माशाच्या काट्यांसारख्या दिसतात आणि नवख्याच्या हातून त्या सरळ बादलीत जातात. मूत्राशयातले खडेही इथेच सापडतात. मुलांच्या सांध्यांची न जुळलेली टोकं गोल खड्यांसारखी वाटतात. शंका आली की टाकू नका, पिशवीत घाला.

चराच्या भिंतीत अर्धा सांगाडा गेला असेल तर त्याच्या मागे भिंत पोखरत जायचं नाही, असा सहसा शिरस्ता आहे. जेवढा चरात आहे तेवढ्याचीच नोंद.

नोंद

सांगाडा पूर्ण उघडा झाला की फोटो: क्रमांकाची पाटी, मोजपट्टी, उत्तर दिशा दाखवणारा बाण. आता बहुतेक ठिकाणी वरून ओळीने फोटो काढून त्रिमितीय प्रतिमा करतात. ते उत्तम, पण छापील सांगाड्याच्या चित्रावर सापडलेली हाडं पेन्सिलने रंगवणं सोडू नका. रंगवताना डोळा प्रत्येक हाडावर थांबतो, कॅमेरा थांबत नाही. कवटी, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं तिकोनी हाड) आणि पावलं या तीन ठिकाणच्या उंची घ्या.

डीएनए किंवा समस्थानिकांसाठी (हाडा-दातांतले, माणूस काय खात होता ते सांगणारे अणूंचे प्रकार) नमुना घ्यायचा असेल तर तो आत्ताच, नव्या हातमोज्यांनी, धुण्याआधी. आतल्या कानाभोवतीचं टणक हाड डीएनए चांगलं टिकवतं. कटीरातल्या मातीत जंतांची अंडी शोधायची असतील तर कवटीजवळचीही माती घ्या. दोन्हीकडे सारखीच अंडी निघाली तर ती माणसाच्या पोटातली नव्हेत, जमिनीतली.

आणि त्याच दिवशी त्या कबरीला हॅरिस मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोण आधीचं कोण नंतरचं हे दाखवणाऱ्या तक्त्यात, बसवा: ही कुणाला कापते, हिला कोण कापतं. रात्रीवर ढकललेला हा क्रमाचा कागद दुसऱ्या दिवशी कधीच जमत नाही.

उचलणं

उघडा सांगाडा रात्रभर ठेवायचा नाही. पावसापेक्षा बघ्यांची भीती जास्त. डावा हात, उजवा हात, डावं पाऊल, उजवं पाऊल, धड, कवटी, जबडा, सगळ्यांच्या पिशव्या वेगळ्या. डावं-उजवं इथे मिसळलं तर प्रयोगशाळेत बोटांची पेरं वेगळी करताना दिवस जातात. पिशवीला भोकं हवीत, नाहीतर बुरशी धरते. चिठ्ठी पिशवीच्या आतही आणि बाहेरही, न फिसकटणाऱ्या शाईने. कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका, दोन्ही तळव्यांवर घ्या आणि आतली माती तशीच राहू द्या, कारण कानातली तीन इवली हाडं तिच्यात असतात. सांगाडा उचलल्यावर खालची माती भरून घ्या आणि चाळा. निसटलेले दात आणि पेरं तिथेच मिळतात.

तळघर आणि शिशाच्या पेट्या

चर्चच्या खालच्या तळघरातलं काम वेगळ्या जातीचं. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या क्राइस्ट चर्चचं तळघर १९८४ ते १९८६मध्ये रिकामं केलं, तेव्हा जवळपास हजार दफनं निघाली. अनेक शिशाच्या पेट्यांत होती, काहींत कातडी आणि केस शिल्लक होते. देवीच्या रोगाचे विषाणू त्यांत टिकून असतील ही शंका तेव्हा गंभीरपणे घेतली गेली होती. शिशाची धूळ फुप्फुसात जाते, ती भीती तर शंभर टक्के खरी. नियम सोपा: बंद शिशाची पेटी उघडायची नाही. फुटलेली असेल आणि आत ओला भाग दिसत असेल तर बाहेर या आणि तज्ज्ञाला बोलवा. मास्क, अंगभर सूट, हवा खेळती, आणि एकट्याने कधीच आत जायचं नाही. लहान मुलांच्या पेट्यांवर सलग काम केलेल्या माणसाला अधूनमधून दुसऱ्या कामाला लावा. हे कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नसलं तरी करा.

धुणं आणि वाचणं

थंड पाणी, मऊ टूथब्रश, खाली एक मिलिमीटरची चाळण. दातांवरचं कीटण घासू नका. त्यात त्या माणसाच्या जेवणातले कण आणि तोंडातले जिवाणू असतात. वाळवायला सावली, ऊन नाही.

बाई की पुरुष हे कटीरावरून बऱ्यापैकी ठरतं, मुलांचं हाडांवरून ठरत नाही. त्यासाठी आता दाताच्या एनॅमलमधली प्रथिनं तपासतात. वयाबद्दल मात्र नम्र राहा. स्पिटलफील्ड्सच्या ३८७ जणांच्या पेट्यांवर नाव-वय कोरलेल्या पाट्या होत्या, त्यामुळे हाडांवरून काढलेलं वय खऱ्याशी ताडून पाहता आलं. तरुण माणसं होती त्याहून म्हातारी ठरली, आणि म्हातारी होती त्याहून तरुण. ‘४५ वर्षं’ असा नेमका आकडा देणाऱ्या अहवालाकडे तेव्हापासून लोक संशयाने बघतात.

काळ ठरवायला रेडिओकार्बन लागतं, पण साधारण १६५०नंतरच्या हाडांसाठी ते फारसं कामाचं नाही, मोजलेलं वय खऱ्या वर्षांशी जुळवणारा आलेख तिथे इतका सपाट आहे. समुद्री मासे खूप खाणाऱ्याचं हाड खऱ्यापेक्षा जुनं दिसतं. म्हणूनच कोणती कबर कोणाला कापते हा क्रम इतका मोलाचा. दोन-चार तारखा आणि घट्ट क्रम मिळून पन्नास कबरींचा काळ बांधता येतो. लिंकनशरमधल्या बार्टन-अपॉन-हंबरच्या सेंट पीटर्समध्ये १९७८ ते १९८४ या काळात सुमारे २८०० सांगाडे निघाले, दहाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतचे. एवढा लांब पट्टा हाती असल्यामुळे एकाच गावातली दुखणी शतकागणिक कशी बदलली हे तपासता येतं. पण ते शक्य झालं क्रमाची नोंद चोख होती म्हणून.

नाव सांगणारी कबर हा अपवाद. लंडनच्या युस्टनजवळच्या सेंट जेम्सेस गार्डन्स या जुन्या दफनभूमीत २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारा मॅथ्यू फ्लिंडर्स सापडला, तो छातीवरची पाटी शिशाची होती म्हणून. शेजारच्या हजारो पेट्यांच्या कथलाच्या पातळ पाट्या गंजून गेल्या होत्या.

आपल्या जवळचं उदाहरण जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांचं. ते पॅरिश चर्च नव्हतं, मठाचं होतं, पण पद्धत तीच: कागद आधी, फावडं नंतर. १६२४मध्ये शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अस्थिअवशेष ऑगस्टिनियन संघाच्या संन्याशांनी गोव्यात आणले आणि मठाच्या सभागृहातल्या एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले, असं पोर्तुगीज कागदांत होतं. छत १८४२मध्ये कोसळल्यामुळे खिडकी ओळखणंच अवघड होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात हाताचं हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्याचा मातृवंशीय डीएनए तपासला, आणि तो भारतात न आढळणाऱ्या पण जॉर्जियात आढळणाऱ्या गटाचा निघाला. जुलै २०२१मध्ये ते अवशेष जॉर्जियाला सोपवले गेले. नुसतं डीएनए असतं तर ‘कुणीतरी परदेशी’ एवढंच म्हणता आलं असतं. खिडकीची जागा ठरलेली होती म्हणून राणीचं नाव घेता आलं.

परत पुरताना

अभ्यास संपला की फॅकल्टीत कबूल केलेल्या जागी पुनर्दफन, सहसा त्याच आवारात, पॅरिशच्या धर्मगुरूच्या प्रार्थनेसह. बार्टनला वेगळा मार्ग काढला: हाडं चर्चच्याच एका बंद दालनात ठेवली, म्हणजे ती पवित्र जागेतही राहिली आणि पुढच्या संशोधकालाही उपलब्ध. जागा आणि निगा राखणारी संस्था असेल तर मला हाच पर्याय पसंत आहे. बकिंगहॅमशरमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या जुन्या सेंट मेरीजमध्ये रेल्वेसाठी अख्खं चर्च आणि सुमारे ३००० दफनं हलवावी लागली, तेव्हा तसं करण्यासारखी वास्तूच उरली नव्हती.

पुनर्दफनाच्या खड्ड्यात प्रत्येक खोक्यावर मूळ सांगाड्याचा क्रमांक न गंजणाऱ्या पट्टीवर लिहून ठेवा, प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका, आणि खड्ड्याची चारही टोकं मोजून चर्चच्या आवाराच्या नकाशावर चढवा. त्या नकाशाची एक प्रत पॅरिशच्या कपाटात आणि एक धर्मप्रांताच्या दप्तरात गेलीच पाहिजे, कारण तीस वर्षांनी त्या चर्चला दुसरं स्वच्छतागृह लागणार आहे.